भगोणं वेगळं, रस्सा तोच: खान्देशातल्या ढाबेवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
सुरत-नागपूर आणि मुंबई-आग्रा महामार्गांवर, तसंच जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गावोगावी ढाबे, खानावळी आणि हॉटेलं चालवणारे सगळे नाना, आप्पा, भाऊ आणि ताया यांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमचं रोजचं गिऱ्हाईक आहे. बँकेत कर्जांच्या तपासणीचं काम करते. आज शिरपूर, उद्या साक्री, परवा शहादा नाहीतर नवापूर, आणि दुपारचं जेवण जिथे भूक लागेल तिथे, म्हणजे तुमच्याकडे. बाई एकटी जेवायला आली की तिला कोपऱ्यातलं पुसलेलं टेबल आणि तांब्याभर गार पाणी न मागता मिळतं, हे मी खान्देशात वर्षानुवर्षं अनुभवते आहे. त्यामुळे या पत्रात तक्रार असली तरी ती घरच्या माणसाकडे करावी तशी आहे.

मी मटण, कोंबडी, मासे आणि अंडी सोडली आहेत. दूध-तूपही आता बहुतेक सुटलं आहे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सगळं खाल्लं जातं, भाऊ आजही खातो, आणि रविवारी मटण शिजतं तेव्हा मी त्याच पंगतीला बसते. मला कुणाचं ताट बदलायचं नाही. माझं स्वतःचं ताट तुमच्या टेबलावर नीट लागावं, एवढ्यासाठी लिहिते आहे. आणि अशी मी एकटी नाही, हे तुम्हाला गल्ल्यावर बसून माझ्यापेक्षा जास्त दिसत असेल. कुणी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सोडतं, कुणी माळ घालतं, कुणाला प्राण्यांचं वाईट वाटतं, तर पुण्या-नाशिकला शिकणारी पोरं सुट्टीत घरी येतात ती दुधाचा चहाही नको म्हणत येतात.

माझं कारण नवापूरचं आहे. तिथे पोल्ट्रीची मोठमोठी शेडं आहेत. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच सापडला आणि लाखो पक्षी मारून पुरावे लागले. 2021 च्या फेब्रुवारीत तो पुन्हा आला. निर्बंध उठल्यावर पोल्ट्रीच्या कर्जांचं काय करायचं ते पाहायला मला तिकडे जावं लागलं. शेडात एरवी इतका कलकलाट असतो की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी पाण्याच्या नळ्या रिकाम्या पिंजऱ्यांवरून तशाच गेलेल्या होत्या, भिंतींना आणि जमिनीला चुना मारलेला होता, आणि शेडामागे मातीचा लांबलचक ढिगारा होता. मालक प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मला हप्ते लांबवून मिळतील का ते विचारत होता. त्याचं दुःख खरं होतं, त्याच्या कर्जाचे आकडे माझ्या फायलीत होते. पण त्याच फायलीत हेही होतं की अंड्यांवरची कोंबडी साधारण दीड वर्षानं अंडी कमी करते आणि मग तीही कापायलाच जाते, आणि ब्रॉयलरचं आयुष्य तर पाच-सहा आठवड्यांचं. रोग आला म्हणून जे एका आठवड्यात झालं, ते रोग नसताना हळूहळू होतच असतं. त्या व्यवहारातून मला माझ्यापुरतं बाहेर पडायचं होतं. पोल्ट्रीवाल्याबद्दल माझ्या मनात राग नाही, आणि त्याचा धंदा बुडावा असंही मला वाटत नाही.

आता तुमच्याकडे येते.

मागच्या हिवाळ्यात मी एका ढाब्यावर जेवायला थांबले. ढाब्याचं नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. भटारखाना समोरच, सगळं दिसत होतं. वस्तादानं माझ्या शेवभाजीचा रस्सा छोट्या कढईत उकळला, वाडग्यात ओतला, वरून जाड तिखट शेव घातली, आणि मग शेजारच्या मटणाच्या भगोण्यातून लाल तर्रीची अर्धी पळी काढून वाडग्यावर सोडली. मी उठून जाऊन विचारलं. तो अगदी सहज म्हणाला, "तर्रीच शे ना ताई, काही व्हस नही." त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याला वाटलं, त्यानं माझ्या भाजीला चव आणली. मी भाकरी आणि ठेचा खाल्ला, पूर्ण पैसे दिले आणि निघाले.

भाऊ, त्या अर्ध्या पळीबद्दल मला तुमच्याशी बोलायचं आहे. शेवभाजी ही खान्देशची ओळख आहे. बाहेरगावचे लोक धुळ्या-जळगावातून जाताना मुद्दाम थांबून ती खातात. बेसनाची शेव, भाजलेला कांदा, खोबरं, लसूण, काळा मसाला आणि शेंगदाण्याचं तेल. तिच्यात मांस नाही, दूध नाही, तूप नाही. जगात कुठेही व्हीगन म्हणून जो पदार्थ अभिमानानं पाटीवर लिहिता येईल, तो तुमच्याकडे आजोबांच्या काळापासून शिजतो आहे. त्यात मटणाची तर्री पडली की गिऱ्हाइकाचा विश्वास संपतो, आणि तो पुन्हा बसवणं फार अवघड असतं.

आणि हे व्यवहाराचं बोलणं आहे, नुसतं भावनेचं नाही. आमच्या ऑफिसातून आम्ही चौघं-पाचजण एका गाडीतून निघतो. त्यात तिघं मटण खातात, मी खात नाही, आणि एकजण माळकरी आहेत. गाडी कुठे थांबायची ते मटण कुठे चांगलं मिळतं यावर ठरत नाही. माळकऱ्याला आणि मला जिथे शंका न घेता जेवता येईल तिथे ती थांबते. म्हणजे एका माणसाच्या शंकेनं अख्खं टेबल पुढच्या ढाब्यावर जातं. 'शुद्ध शाकाहारी' पाटीच्या हॉटेलात जाऊन हा प्रश्न सुटत नाही, कारण मग त्या तिघांचा खोळंबा होतो. मिश्र जेवणाचा ढाबाच आम्हाला हवा असतो. त्यात स्वयंपाकाची दोन पातेली, दोन पळ्या, तळणाच्या दोन कढया आणि भाज्या चिरायचा वेगळा पाट, इतकंच लागतं. तळणाचं तेल तर नक्की वेगळं हवं. ज्या तेलात मासा तळला त्यात माझी भजी तळू नका.

हे तुम्हाला मी शिकवायला नको. मुक्ताईनगरहून आषाढीला मुक्ताईची पालखी निघते, ती पंढरपूरला सगळ्यांत लांबून चालत जाणाऱ्या पालख्यांपैकी एक आहे. आपल्या गावागावांत माळकरी आहेत, महानुभाव पंथाची घरं आहेत. ज्या घरात सगळे खातात त्याच घरात एखादी माळकरी आजी असते, तिची चूल, तिचं पातेलं, तिचं ताट वेगळं असतं, आणि घरातली सून ते किती काटेकोरपणे सांभाळते ते तुम्ही पाहिलेलं आहे. तीच शिस्त भटारखान्यात आणा. माळकऱ्याला आजही तुम्ही "माउली, काळजी नको" म्हणता. माझ्यासारखीला, आणि कॉलेजातल्या पोरांनाही, तेवढ्याच खात्रीनं सांगता आलं पाहिजे.

काय मागत नाही, तेही स्पष्ट लिहिते, कारण शाकाहाराबद्दल कुणी बोललं की लगेच दुसरेच अर्थ काढले जातात. मटण बंद करा, असं मी म्हणत नाही. सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा माणसाच्या ताटातला मासा आणि कोंबडी हे त्याचं अन्न आहे, त्याच्या सणांचा भाग आहे, त्यावर बोलायचा मला काही अधिकार नाही. आणि ज्या नंदुरबार जिल्ह्यात कुपोषणानं मुलं दगावतात तिथे शाळेतल्या पोरांच्या ताटातलं अंडं कुणी शाकाहाराच्या नावानं काढत असेल, तर मी त्याच्या विरुद्ध उभी राहीन. नोव्हेंबर 2023 मध्ये राज्य सरकारनं शाळेच्या पोषण आहारात अंडं आणि जे खात नाहीत त्यांना केळं द्यायचं ठरवलं होतं. जानेवारी 2025 मध्ये अंड्यांचा सरकारी खर्च थांबवला. मला ते पटलं नाही. पोटभर खाणाऱ्या बाईनं स्वतःच्या मर्जीनं अंडं सोडणं वेगळं, आणि भुकेल्या पोरापुढून ते उचलणं वेगळं.

आता मांसाच्या जागी काय, याबद्दल. इथे मला जरा सविस्तर लिहायचं आहे, कारण तुमच्यापैकी ज्यांना हे करून पाहायचं असेल त्यांनी चुकीच्या वस्तूवर पैसे घालू नयेत.

मांस सोडल्यावर मला मांसाची आठवण फारशी आली नाही. आठवण यायची ती काळ्या रश्श्याची, त्यात भाकरी कुस्करून खाण्याची, आणि दाताखाली काहीतरी चावायला येण्याची. चौकशी केली तेव्हा कळलं की आता बाजारात वनस्पतींपासून केलेलं 'मांस' मिळतं. उदयपूरची गुडडॉट आहे, मुंबईची ब्लू ट्राइब आहे, आपल्या रितेश आणि जिनिलिया देशमुखांनी 2021 मध्ये सुरू केलेली इमॅजिन मीट्स आहे. सोयाबीनचं किंवा वाटाण्याचं प्रथिन काढून त्याला मांसासारखे धागे आणतात, मग त्याचे नगेट, खिमा, सीख कबाब करतात. मी वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रकार आणून घरी केले. खिमा छान लागतो. कांदा, वाटाणे, कोथिंबीर घालून पावाबरोबर दिला तर भावालाही फरक कळला नाही. नगेटही मुलं आवडीनं खातात. पण आपल्या रश्श्यात हे प्रकार टिकत नाहीत. खान्देशी रस्सा मंद आचेवर बराच वेळ उकळतो, त्यात ते मऊ पडून सुटतात, आणि त्यांचा स्वतःचा मसाला आपल्या मसाल्याशी भांडतो. शिवाय यातला पुष्कळसा माल उणे अठरा अंशांत ठेवायचा, मिठाचं प्रमाण जास्त, आणि किंमत अशी की साध्या थाळीत बसवता येत नाही. मॉलमधून आणून घरी वाढदिवसाला करायला ते ठीक आहे. ढाब्यासाठी माझं मत विचाराल तर त्याच्या मागे लागू नका.

तुमच्या किराणा दुकानात जे पोत्यानं मिळतं, त्याकडे पाहा. सोयाबीनच्या वड्या. सोयाबीनमधून तेल काढल्यावर जे पीठ उरतं ते गरम करून प्रचंड दाबाखाली यंत्राच्या बारीक छिद्रातून बाहेर सोडतात. बाहेर आल्यावर दाब एकदम कमी होतो, आतलं पाणी वाफ होऊन निसटतं आणि वडी फुलून तिला स्पंजासारख्या पोकळ्या पडतात. मांसासारखा चावा येतो तो यामुळेच. कोरड्या वड्यांत शंभर ग्रॅममागे पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. त्या भिजून दुप्पट-तिप्पट होतात, म्हणजे माणशी पंचवीस-तीस ग्रॅम कोरड्या वड्या पुरतात आणि तेवढ्यात बारा ते पंधरा ग्रॅम प्रथिनं पोटात जातात. एका माणसाच्या वड्यांचा खर्च तुमच्या हिशेबात थोडाच येईल.

पण आज ढाब्यावर 'सोयाबीन' मागितलं की जे समोर येतं त्यानं माणूस पुन्हा मागत नाही. वड्या नुसत्या कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, पनीरच्या गोडसर ग्रेव्हीत टाकलेल्या असतात. चावलं की आतून कच्च्या सोयाबीनचा वास येतो आणि पाणी सुटतं. दोष वडीचा नाही, हाताळण्याचा आहे. मला जमलेली रीत सांगते. पाण्याला उकळी आणायची, त्यात मीठ आणि हळद घालायची, वड्या पाच-सात मिनिटं चांगल्या उकळू द्यायच्या. मग गार पाण्यात टाकून मुठीत घट्ट पिळायच्या. जे पाणी निघतं ते पिवळट आणि फेसाळ असतं, वास त्यातच असतो. पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळायचं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं. हाताला वडी कोरडी आणि रबरासारखी लागली पाहिजे. आता तिच्या रिकाम्या पोकळ्यांत आपला मसाला भरायचा: आलं-लसूण, हिरव्या मिरचीचा ठेचा, थोडा काळा मसाला, लिंबू. अर्धा तास तसंच ठेवायचं. मग शेंगदाण्याच्या तेलात कडा तांबूस होईपर्यंत परतायच्या. इथे तेलाची कंजुषी केली तर सगळी मेहनत वाया जाते, कारण मटणाला स्वतःची चरबी असते आणि वडीला काहीच नसतं. त्यानंतर त्या रश्श्यात सोडायच्या आणि झाकण ठेवून वीस मिनिटं मुरू द्यायच्या. सकाळी केलेली ही भाजी रात्री जास्त चांगली लागते, म्हणजे तुमच्या धंद्याला सोयीची.

आणि रस्सा तुमचाच. कांदा जाळावर काळपट भाजलेला, खोबरं भाजून वाटलेलं, धने, दगडफूल, लवंग, दालचिनी, मिरे, शहाजिरे, खसखस, नंदुरबारची लाल मिरची. मटणाच्या भाजीत माणूस बोटं चाटतो ती या वाटणासाठी. या वाटणात मांसाचा कणही नाही. ते तुमच्याकडे आहे, त्याच हाताचं आहे, फक्त वेगळ्या पातेल्यात पडायला हवं.

पाटोड्यांची गोष्ट तर मी तुम्हाला काय सांगू! बेसन जिरं-लसणाच्या फोडणीत घट्ट शिजवून ताटात थापायचं, वड्या कापायच्या, आणि वाढायच्या आधी उकळत्या काळ्या रश्श्यात सोडायच्या. आमच्या आईकडे मटणाच्या दिवशी आजीसाठी याच पाटोड्या व्हायच्या आणि मटण खाणारेही तिच्या भांड्यात चमचा घालायचे. बेसनाचे गोळे उकळत्या रश्श्यात सोडून केलेल्या डुबुकवड्यांचंही तेच. आज किती ढाब्यांच्या पाटीवर पाटोडी-रस्सा लिहिलेला दिसतो? शाकाहारी स्पेशल काय आहे विचारलं की उत्तर एकच, पनीर. पनीर मसाला, पनीर काजू, पनीर तवा. दूध न घेणाऱ्याला ते चालत नाही, आणि दूध घेणाऱ्यालाही स्वस्तातलं, वनस्पती तेल घालून केलेलं ॲनालॉग पनीर वाढलं गेलं तर तीही फसवणूकच. ज्या मुलखात डाळी पिकतात, जळगावच्या डाळ मिलमधून देशभर डाळ जाते, नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे, त्या मुलखातला शाकाहारी माणूस पनीरवर का अडकावा?

केळ्याचाही विचार करा. जळगावच्या केळ्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात भाव पडला की शेतकऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं. कच्चं केळं सालीसकट उकडायचं, सोलून जाड किसणीवर किसायचं, आणि खिम्याच्या मसाल्यात कोरडं परतायचं. पावाबरोबर किंवा भाकरीबरोबर सुरेख लागतं. त्यात प्रथिनं फारशी नसतात, म्हणून बरोबर डाळ किंवा शेंगदाण्याची चटणी द्यावी. पण पोत आणि चव यात ते विकतच्या खिम्याला हार जात नाही.

दूध-तूप न घेणाऱ्यांबद्दल थोडं. तुमच्या लोकांना बरेचदा कळत नाही की यांना नेमकं काय चालतं, आणि मग गोंधळ होतो. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावरून हे समजत नाही, कारण हिरव्या ठिपक्यात दूध, तूप, मध सगळं बसतं. व्हीगन अन्नासाठी एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, 2022 मध्ये वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं, पण ते डबाबंद मालासाठी. ढाब्यावर माणसाला विचारल्याशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा वाढणाऱ्या पोराला एवढं माहीत असू द्या: तंदूर रोटीला वरून बटर लावता, ते लावू नका म्हटलं तर लावायचं नाही. नानच्या पिठात दही किंवा दूध असतं. दाल तडक्याला बटरची फोडणी असेल तर तेलाची देता येते. बट्टीवर आणि खिचडीवर तूप असतं, ते वेगळ्या वाटीत द्या. फुणक्यांबरोबरची कढी ताकाची असते, पण फुणके स्वतः नुसत्या डाळीचे असतात आणि कच्च्या तेलाबरोबर तितकेच छान लागतात.

आणि जे नुसतं तसंच चालतं ते पाहा. हिरव्या मिरचीतलं वांग्याचं भरीत, ज्याच्या वांग्यालाही मानांकन आहे: कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, पातीचा कांदा, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, वरून तेल. कळण्याची भाकरी: ज्वारीत आख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी पडतं ते उडीद भरून काढतो, म्हणजे आपल्या आज्यांनी जी जोडी लावली ती आहारशास्त्रालाही मान्य आहे. घोटलेली वांग्याची भाजी, वरण, बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. अशी थाळी मांडली तर तिच्यात दुधाचा थेंब नाही आणि कमी काहीच नाही.

पुढचा परिच्छेद तुमच्यासाठी कमी आणि हे पत्र वाचून मांस सोडायचा विचार करणाऱ्यांसाठी जास्त आहे, पण खुल्या पत्रात तो यायलाच हवा. बी-12 हे जीवनसत्त्व वनस्पतींत भरवशाचं मिळत नाही. डाळ खा, सोया खा, मोड आलेली मटकी खा, ते मिळत नाही. जीवाणू ते तयार करतात आणि आपल्याला ते मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या लोकांमधल्या बी-12 च्या कमतरतेवर वर्षानुवर्षं काम केलं आहे, आणि ही कमतरता शाकाहाऱ्यांत किती पसरलेली आहे ते त्यातून पुढे आलं. हातापायांना मुंग्या येणं, थकवा, विसरभोळेपणा, आणि गरोदर बाई असेल तर पोटातल्या बाळापर्यंत त्याचा परिणाम जातो. दूधही सोडणार असाल तर बी-12 ची गोळी घेतलीच पाहिजे, रक्त तपासून, डॉक्टरांना विचारून. मी घेते. ती गोळी महाग नाही. लोहाचं म्हणाल तर डाळी आणि बाजरीत ते असतं, पण शरीरात शोषलं जायला जेवणाबरोबर लिंबू हवं. आणि जेवल्या जेवल्या चहा घ्यायची आपली सवय मोडायला हवी, चहा ते नीट शोषू देत नाही. ढाब्यावर लिंबाची फोड मागितली की तुम्ही लगेच देता, ते चालू ठेवा!

थोडं दराचं. सोयावड्यांचा काळा रस्सा तुम्ही मटणाच्या भावानं लावू नका, आणि 'काहीतरी' म्हणून सगळ्यांत स्वस्तही लावू नका. शेवभाजीच्या दराच्या आसपास ठेवला तर मटण खाणारासुद्धा एकदा मागवून पाहील. माझ्या टेबलावरच्या तिघांनी ते केलं आहे. आणि भाजी मटणासारख्याच भांड्यात, तशाच कांदा-लिंबासह, तशीच वाफाळती येऊ द्या. शाकाहारी माणसाला सगळ्यांचं वाढून झाल्यावर स्टीलच्या लहान वाटीत आणून ठेवतात, ते जिव्हारी लागतं.

सुरुवात कधी करावी, याबद्दल एक सुचवते. श्रावण लागला की तुमचं मटण-चिकनचं गिऱ्हाईक निम्म्यानं खाली येतं, भगोणी रिकामी राहतात, वस्तादाला वेळ असतो. कानबाई देवीच्या सणाला, रोटांसाठी, सुरत-पुण्याकडे गेलेली माणसं त्याच महिन्यात गावाकडे येतात, गाड्या भरून, सगळी शाकाहारावर. तेव्हा नवं पातेलं, नवी कढई आणि नवी पळी घ्या, तिच्या दांड्याला हिरवा रंग लावा म्हणजे गर्दीतही चुकणार नाही. दोनच पदार्थांनी सुरू करा, पाटोडी-रस्सा आणि सोयावड्यांचा काळा रस्सा. पाटीवर नावापुढे लिहा: 'भांडी वेगळी, दूध-तूप नाही.' गणपती उठेपर्यंत किती गेलं त्याची वही ठेवा. आखाडात मटणाला जे कायमचं गिऱ्हाईक येतं त्यातलं किती श्रावणात या दोन भाज्यांना आलं, तेही लिहून ठेवा. दसऱ्यानंतर माझी शिरपूर, साक्री, नवापूरची फेरी पुन्हा सुरू होईल. मी थांबेन, जेवीन, आणि भाजीत काय कमी वाटलं ते वस्तादालाच भटारखान्यात येऊन सांगेन.

आपली,
तुमच्याकडे रोज जेवणारी एक ताई,
धुळे